कारण न सांगता बसायची जागा

उत्साही : ताई, राळेगावला नगरपंचायत आली म्हणजे गावाचं आता शहर व्हायचं ठरलं आहे. चारही बाजूंनी वाढ चालली आहे. काल ज्या वावरात पऱ्हाटी उभी होती तिथं आज खुंट्या ठोकून प्लॉट पाडलेले दिसतात. मला यात संधी दिसते. मुंबई-पुण्याला चुका दुरुस्त करायला जागाच उरलेली नाही, आपल्याला मात्र चुका होण्याआधी विचार करता येतो. आणि कायदाही बाजूने आहे. ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीचा लेआउट पाडला की त्यातली १० टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. ती ओपन स्पेस नकाशावर हिरव्या रंगात दाखवलेली असते. या हिरव्या तुकड्यांचं आपण काय करणार, एवढाच माझा प्रश्न आहे. नीट आखलेली जागा माणसांना घराबाहेर काढते आणि एकमेकांशी बोलायला लावते, हे जगभर पाहिलं गेलं आहे. विल्यम व्हाइट नावाच्या अभ्यासकाने न्यूयॉर्कच्या चौकांत कॅमेरे लावून लोक कुठं बसतात, कुठं थांबतात ते पाहिलं आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला आढळलं ते अगदी साधं होतं. बसायला काही असेल तिथं लोक बसतात, आणि चार माणसं बसलेली दिसली की पाचवा तिथंच येतो. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रोएट हा बाजाररस्ता मोटारींना बंद केला, तेव्हा धंदा बुडेल म्हणून दुकानदार घाबरले होते. आज त्याच रस्त्यावर माणसांची रीघ असते. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन पाळतात. एका दिवसासाठी का होईना, रस्त्याच्या मधोमध लेकरं खेळतात आणि म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात. हे राळेगावात रोज का होऊ नये?

साशंक : भाऊ, न्यूयॉर्क आणि कोपनहेगन बाजूला ठेवू. तुमच्या हिरव्या तुकड्यांचं प्रत्यक्षात काय होतं ते विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जाऊन पाहा. पहिली पाच वर्षं त्यात गाजरगवत माजतं. मग कोणीतरी एका कोपऱ्यात छोटंसं देऊळ बांधतं, त्याला शेड येते, शेडचं सभागृह होतं. राहिलेल्या भागात निधी आला की पेव्हर ब्लॉक, तारेचं कुंपण, लोखंडी गेट आणि ओपन जिम. दोन पावसाळ्यांत यंत्रांचे बेअरिंग गंजतात आणि गेटच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. निधी बांधायला मिळतो, झाडाला पाणी घालणाऱ्या माणसाच्या पगाराला मिळत नाही. त्यामुळे जे बांधता येतं तेवढंच होतं. हे कोणाच्या दुष्टपणामुळे होत नाही, पैशाची वाटच तशी आहे.

माझी खरी शंका त्याच्याही आधीची आहे. आनंद आखता येतो का? मध्य प्रदेश सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी आनंद विभाग काढला. पण आपला तालुका कापसाचा आहे. इथल्या माणसाचं सुख बोंडअळी, पाऊस, कापसाचा भाव आणि सावकाराचा तगादा यांवर ठरतं. ज्या बाईने दिवसभर वाकून कापूस वेचला, ती संध्याकाळी ऑटोतून उतरते ती थेट चुलीकडे जाते. तिच्यासाठी तुम्ही बाक मांडलात तरी त्यावर बसायला तिच्याकडे वेळ कुठं आहे? बाग ही ज्याच्याकडे मोकळी संध्याकाळ आहे त्याची सोय आहे, आणि तसा माणूस आपल्याकडे बहुतेक पगारदार असतो.

उत्साही : कापसाचा भाव बाकाने वाढत नाही, मान्य. पण फुकट बसायच्या जागेची गरज पगारदारापेक्षा गरिबालाच जास्त असते. पगारदाराला घरात कूलर आहे, हॉटेलात चहा घेऊन तासभर बसायची ऐपत आहे. आठवडी बाजाराचा दिवस आठवा. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेली एखादी बाई सकाळपासून पोत्यावर भाजीचे वाटे लावून बसलेली असते. दुपारी चारपर्यंत माल संपतो. तिच्या गावची काळीपिवळी जीप भरल्याशिवाय निघत नाही, म्हणजे आणखी दीड-दोन तास. या वेळात ती कुठं बसते? रिकामी टोपली पालथी घालून, एखाद्या हातगाडीच्या चाकाला पाठ टेकवून, पदर डोळ्यांवर ओढून. सावली सरकेल तशी तीही सरकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात एक डेरेदार कडुनिंब, त्याखाली टेकायला दगडी ओटा, प्यायला पाणी आणि दार लागणारं स्वच्छतागृह, एवढं असलं तर त्या दोन तासांचा अर्थच बदलतो. ती शेजारच्या पोडावरच्या बाईशी बोलेल, पोरीचं स्थळ काढेल, कोणाकडे बियाणं आहे ते विचारेल. याला मी सामाजिक जीवन म्हणतो. हे आजही घडतंच, पण चाकाला टेकून, उन्हात आणि लघवी दाबून. आखणीचं काम फक्त ही अडचण काढण्याचं आहे. आनंद मी आखणार नाही, त्याच्या वाटेतले दगड बाजूला करीन.

साशंक : हे तुमचं म्हणणं मला पटतं, पण सरकारी हाताने ते असंच उतरत नाही. बाजार ओटे किती गावांत बांधले आणि किती ठिकाणी त्यांवर आज कुत्री झोपतात ते आठवा. ओटा रस्त्यापासून आत बांधतात, गिऱ्हाईक मात्र रस्त्याने चालतं. ओटा कमरेइतका उंच असतो, भाजीवालीला मांडी घालून जमिनीलगत बसायचं असतं, कारण तिचा तराजू तसा चालतो. तिला कोणी विचारलेलंच नसतं. शिवाय सुशोभीकरण म्हटलं की पहिलं काम हटवण्याचं होतं. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांची पाहणी पूर्ण करा, तोवर कोणाला उठवू नका. पण मंत्री येणार म्हटलं की एका रात्रीत ठेले उचलले जातात.

आणि गरिबाची सोय एवढ्यावर प्रश्न संपत नाही. तुम्ही ज्या बाईचं चित्र उभं केलंत तिच्याकडे तिथं असण्याचं कारण होतं. ती विकायला आली आहे, गाडीची वाट पाहते आहे. आता तिची टोपली आणि गाडी काढून टाका. तीच बाई, तोच कडुनिंब, वेळ संध्याकाळी सातची, आणि ती सहज बसली आहे. किती वेळ बसू शकेल? पुरुषाला चौकात उभं राहायला काही कारण लागत नाही. तो पानठेल्याला खांदा टेकवून तासभर उभा राहतो आणि कोणी त्याला विचारत नाही. बाईने दहा मिनिटं थांबावं, लगेच प्रश्न येतो, कोणाची वाट पाहता? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलं की मुंबईसारख्या शहरातही बाई रस्त्यावर आपण कामासाठीच आहोत असं सतत दाखवत असते. हातात पिशवी, कानाला फोन, चालण्याला वेग. मुंबईत ही गत, तर राळेगावात, जिथं प्रत्येक जण प्रत्येकाच्या सासऱ्याला ओळखतो, तिथं काय?

रावेरी इथून हाकेच्या अंतरावर आहे. सीतेचं एकटीचं देऊळ, शेजारी राम नाही. तिथली आख्यायिका तुम्हाला माहीत आहे. टाकलेल्या सीतेने लेकरांसाठी मूठभर गहू मागितले, गावाने दिले नाहीत, आणि इथं गहू पिकणार नाही असा तिने शाप दिला. शेतकरी नेते शरद जोशींनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, कारण त्यांना त्यात टाकलेल्या बाईची गोष्ट दिसली. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. घराबाहेर असलेल्या, सोबत पुरुष नसलेल्या बाईला गावाने जागा दिली नाही. एवढी जुनी ही गोष्ट आहे, आणि तुम्ही ती पेव्हर ब्लॉकने सोडवायला निघालात.

उत्साही : पेव्हर ब्लॉकचा आग्रह माझा कधीच नव्हता. पण आख्यायिकेपाशी थांबून आपण हात बांधून बसायचं का? बाहेरची परिस्थिती बदलली की बायका घराबाहेर पडतात, हे आपण नुकतंच पाहिलं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. त्यासाठी ना कोणाचं मन वळवावं लागलं ना भाषणं झाली. बायका माहेरी, बाजाराला, दवाखान्यात, नुसत्या बहिणीला भेटायलाही निघाल्या. आपल्या तालुक्यात बायकांनी भरलेली सार्वजनिक जागा कुठली असेल तर ती एसटी स्टँड. मग सुरुवात तिथूनच करू. बागेआधी स्टँड. पंखे, उजेड, पाठ टेकता येईल असा बाक, पाळीच्या दिवसांतही वापरता येईल असं स्वच्छतागृह. आणि स्टँडपासून बाजारापर्यंत सलग सावलीची पायवाट. तुम्ही म्हणता बाईला कारण लागतं. ठीक, कारणापासून सुरुवात करू. कारणासाठी आलेली बाई सोय असली तर अर्धा तास जास्त थांबेल. त्या अर्ध्या तासाची लोकांना सवय होईल, आणि सवयीने कारण गळून पडेल.

दुसरं, ठेल्यांबद्दल. जेन जेकब्स या अमेरिकी लेखिकेने १९६१ साली लिहिलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ती तिथं दिवसभर असलेली माणसं, दुकानदार, खिडकीतून पाहणारे शेजारी. पोलिसांचा नंबर त्यांच्यानंतर लागतो. चहाचा ठेला रात्री दहापर्यंत चालू असला की तो कोपरा जागा राहतो. म्हणून मी ठेले हटवणार नाही, उलट प्रत्येक मोकळ्या जागेच्या काठावर त्यांना हक्काची जागा देईन.

साशंक : आणि नेमक्या इथंच तुमची जेकब्स मला राळेगावात अडखळताना दिसते. तिच्या रस्त्यावरचा दुकानदार पाहतो तेव्हा बाईला धीर येतो. आपल्याकडच्या पानठेल्यावरची नजर बाईला तिथून घालवते. कॉलेजच्या पोरींना विचारा, त्या कोणता रस्ता टाळतात. अंधाराचा टाळतात, आणि ठेल्यांचाही टाळतात. म्हणजे ठेला हटवला तर जागा ओस पडते आणि ठेला ठेवला तर ती पुरुषांची होते. या पेचाला तुमच्या नकाशात उत्तर आहे का? बरं, उलट टोकाला जाऊ. महिलांसाठी वेगळं उद्यान काढलं, भिंत घातली, पुरुषांना बंदी केली. मग बाकी सगळं गाव पुरुषांचं असल्यावर शिक्काच बसला.

उत्साही : थोडं उत्तर आहे, पूर्ण नाही. ठेला कोण चालवतं यावर नजर ठरते. बचत गटाच्या बायकांचा पोहे-चहाचा ठेला आणि खर्ऱ्याचा ठेला हे दोन्ही ठेलेच, पण त्यांभोवती जमणारी माणसं निराळी. जागा देताना अर्ध्या जागा बायकांना द्या. लेकरांचं खेळणं आणि म्हाताऱ्यांचा बाक ठेल्यासमोरच ठेवा, मागच्या कोपऱ्यात नको. तिथं आजी नातवाला घेऊन बसली की टोळकं आपोआप आवाज खाली आणतं. आणि कुंपण नको. ऐसपैस बसता येईल एवढा रुंद कट्टा सगळ्या बाजूंनी घाला. मुंबईच्या शिवाजी पार्कला तो कट्टा आहे म्हणूनच ते मैदान खेळणाऱ्यांइतकंच न खेळणाऱ्यांचंही आहे. कट्ट्यावर बसलेला माणूस आत तोंड करू शकतो, बाहेर करू शकतो, वाटलं तर उठून लगेच रस्त्याला लागू शकतो. निघायची वाट मोकळी दिसली की थांबायचा धीर येतो. बाईच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

आणि या गोष्टी परक्या नाहीत. पारावर बसणं, चावडीवर जमणं, घरापुढच्या ओट्यावर संध्याकाळ काढणं, हे आपलंच आहे. पोळ्याचं मैदान घ्या. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकायचे, पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, पाठीवर झूल घालून जोड्या तोरणाखाली रांगेत उभ्या करायच्या. झडत्या झडतात, हशा होतो, तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी ओढत लेकरांचा तान्हा पोळा. ते मैदान कोणा वास्तुविशारदाने आखलं नव्हतं, पण जोड्या उभ्या राहतील एवढी रुंदी, बैल बुजला तर माणसाला सरकता येईल अशी मोकळीक, सगळं त्यात होतं. उद्या तिथं कुंपण आणि फरशी आली की बैलाचा पाय घसरतो, पोळा संपतो. बैल तसेही कमी होत चालले आहेत. निदान मैदानाने त्यांना बाहेर काढू नये.

साशंक : पोळ्याबद्दल तुम्ही मनापासून बोलता, पण त्याच रांगेत पहिली जोडी कोणाची हा मान ठरलेला असायचा आणि त्यावरून डोकी फुटायची. बायका त्या मैदानात नसायच्या. त्या दारात, ओवाळणीचं ताट घेऊन बैलांची वाट पाहत. पारावर कोण बसायचं आणि कोण पाराच्या खाली उभं राहायचं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या जुन्या जागा सुंदर होत्या, सगळ्यांच्या नव्हत्या. सगळ्यांची जागा ही आपल्याकडे नवी कल्पना आहे आणि ती नकाशावरून आलेली नाही. सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचं कागदावर जाहीर केलं. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला, डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो माणसांनी ओंजळीत घेतलं तेव्हा प्यायलं गेलं. त्याबद्दल त्यांनी मार खाल्ला, आणि न्यायालयातला वाद १९३७ पर्यंत चालला. ठराव होता, तळं होतं, पायऱ्या होत्या. आखणीत काहीच कमी नव्हतं. कमी होती ती मान्यता. म्हणून मला कट्ट्याची रुंदी दुय्यम वाटते. बसलेल्याला उठवायचा अधिकार कोणाला आहे, हे मला आधी कळलं पाहिजे.

उत्साही : पण तळं होतं म्हणून सत्याग्रह झाला, ताई. तळं बुजवून त्यावर दुकानांचे गाळे निघाले असते तर हक्क कशावर सांगितला असता? जागा असणं ही हक्काची पहिली अट आहे, आणि आपल्याकडे जागाच नाहीशा होत आहेत. गुरं जिथं गोळा होत तो आखर गेला, ई-क्लासच्या गायरान जमिनीवर अतिक्रमणं झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असं बजावलं, तरी त्या जातच आहेत. शहराच्या आराखड्यात बाग म्हणून आरक्षण पडलं तरी १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन ते आरक्षण उठवू शकतो. तुम्ही मान्यतेची वाट पाहाल आणि तोवर ती जागा विकली गेलेली असेल. मान्यतेचं मोल मी नाकारत नाही. तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली, तिला इमारत लागली नाही हे खरं. सगळ्या जातींची माणसं एका वेळी एका रांगेत बसली, त्यामागे महाराजांची शिकवण होती. पण बसायला अंगण मात्र लागलं.

साशंक : जागा आधी राखा, हे मी मान्य करते. मघा मी त्याला पुरेसं महत्त्व दिलं नव्हतं. पण मग तुम्हीही एक मान्य करा. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. कोणीही उभं राहून विचारू शकत होतं की ही जागा कोणाला दिली. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद होती. नगरपंचायत झाली आणि ग्रामसभा गेली. आता १७ प्रभागांचे १७ नगरसेवक सभागृहात ठरवतात. शहर होताना आपण पेव्हर ब्लॉक मिळवला आणि बोलायची जागा गमावली, याचं दुःख कोणाला झालेलं मला दिसलं नाही. ज्या भाजीवालीसाठी तुम्ही ओटा आखता, तिने ‘एवढा उंच नको’ म्हणायचं कुठं? ती तर बाहेरच्या पोडावरची, तिला इथं मतही नाही. आणि रात्री दहाला कट्ट्यावर बसलेल्या पोरांना हाकला अशी मागणी उद्या याच लेआउटमधले लोक करतील. बाईच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करतील. ती पोरं कोणत्या वस्तीतली असतील ते तुम्हाला मला दोघांनाही माहीत आहे. तेव्हा तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल?

उत्साही : पोरांच्या बाजूने, जोवर ती कोणाला त्रास देत नाहीत. पण त्रास कशाला म्हणायचं हे बाईने ठरवायचं की पोरांनी, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. ते दोघांनाही एका जागी बसवून ठरवावं लागेल, आणि त्याला वेळ लागेल. कडुनिंब मात्र थांबणार नाही. त्याला बसण्याजोगी सावली धरायला आठ-दहा वर्षं लागतात. हा पावसाळा चुकला तर सावलीही एक वर्ष पुढे गेली. मी या पावसाळ्यात झाडं लावायला लोकांना सांगणार आहे. कुंपण घालणार नाही, एवढं तुमचं ऐकलं.

साशंक : लावा, मीही पाण्याची बादली घेऊन येईन. पण खड्डा खणण्याआधी माझं एक काम करा, आणि हे ज्यांच्या लेआउटमध्ये अशी मोकळी जागा आहे त्या सगळ्यांनाच माझं सांगणं आहे. नगरपंचायतीत जा आणि आपल्या लेआउटचा मंजूर नकाशा मागा. ती १० टक्के जागा कुठं दाखवली आहे, आज कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर काय बांधायला परवानगी दिली आहे, ते लेखी घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं.